सायकल आत आणू का?

शुक्रवार, रात्री. अस्नोडा, गोवा.

आज म्हापशात एका दुकानाच्या दारातून परत फिरले. काचेचं दार, आतून एसीचा गारवा, दारात गार्ड. “सायकल बाहर रखो, मॅडम.” बाहेर म्हणजे कुठे, ते त्यालाही दाखवता येईना. समोर स्कूटरी एकमेकींना खेटून उभ्या, बाजूला एकच खांब आणि त्यावर विजेची पेटी, पायाखाली गढूळ पाणी. मी वाद घातला नाही. त्याला वरून जे सांगितलंय तेच तो सांगणार. तूरडाळ, साबण, चहापूड सगळं पुढच्या गल्लीतून आणलं.

घरी आल्यावर आई म्हणाली, “अगं, कुलूप लावून पाच मिनिटं बाहेर ठेवली असतीस तर काय बिघडलं असतं?” तिला जेवताना थोडक्यात सांगितलं. इथे सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न मला बरेच जण विचारतात आणि विचारणाऱ्यातल्या बहुतेकांनी बाजारात सायकल कधी नेलेली नसते.

कुलपाचं काम चोराचा वेळ खाणं, एवढंच. जुन्या काळ्या सायकलींना मागच्या चाकावर गोल कुलूप असतं, ते चाक फिरू देत नाही. पण सायकल उचलून टेम्पोत टाकायची तर त्याची काही आडकाठी नाही. माझी गिअरची सायकल चौदा-पंधरा किलोची, एका माणसाला सहज उचलता येते. केबलचं कुलूप दिसायला जाड, पण वरचं प्लास्टिक सोललं की आत बारीक तारांचा पीळ. साध्या कटरला तो फार वेळ पुरत नाही. त्यातल्या त्यात भरवशाचं ते डी-लॉक, म्हणजे इंग्रजी ‘डी’च्या आकाराचं जाड पोलादी कुलूप. ते मागचं चाक आणि फ्रेमचा मागचा त्रिकोण एकत्र घेऊन कशाला तरी अडकवायचं असतं. अडचण आहे ती या ‘कशाला तरी’ची. जमिनीत घट्ट रोवलेलं, वरून सरकवून काढता न येणारं, गटाराच्या काठावर नसलेलं असं काही बाजारपेठेत शोधून दाखवा. आणि सगळं जमलं तरी दिवा, घंटी, सीट, क्विक रिलीजचं पुढचं चाक हे हाताने किंवा साध्या पान्याने निघतंच.

त्यात आपल्याकडचा पाऊस आणि खारी हवा. जून ते सप्टेंबर कुलपाच्या भोकात पाणी जातं, गंज धरतो, चावी अर्ध्यात अडकते. दर पंधरवड्याला शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडते, चावी चार वेळा फिरवते, फडक्याने पुसते. भर पावसात एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हाताने न फिरणारी चावी फिरवत उभं राहण्यात किती वेळ जातो, ते सायकलवाल्यालाच विचारावं.

स्कूटर गेली तर नंबर असतो, आरसी असते, विमा असतो. सायकलला यातलं काही लागत नाही, ते तिचं मोठं सुख. पण ती गेली की हेच सुख अंगावर येतं, कारण ती आपली होती हे सिद्ध करायला बिल आणि फ्रेमचा नंबर याखेरीज हातात काही नसतं. तो नंबर बहुतेक सायकलींवर दोन्ही पेडलच्या मधल्या नळीच्या पोटाला ठोकलेला असतो. सायकल उलटी केल्याशिवाय दिसत नाही, म्हणून कित्येकांना तो असतो हेच ठाऊक नसतं. पुण्यात एके काळी सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला असायचा. आता तेही नाही. माझ्या वर्गातल्या मुलांना सायकल मिळाली की मी पहिल्या आठवड्यात ती उलटी करायला लावते आणि नंबर वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३ मध्ये एक तरतूद आहे. ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरलेला, आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. मला ही तरतूद पटते. पोटासाठी हात घालणाऱ्याला तुरुंगात टाकून कुणाचंच भलं होत नाही. फक्त एवढंच वाटतं की चार-पाच वर्षं वापरलेली काळी सायकल बाजारभावाने या रकमेच्या खालीच भरते, आणि ज्याची ती असते त्याच्यासाठी ती रोजची मजुरी असते. ती गेली की कामावर पोचायला दीड तास चालावं लागतं. किंमत कागदावर लहान म्हणून नुकसान लहान होत नाही.

तर मी सायकल आत नेते. विचारून नेते. आणि विचारता विचारता गोव्यातली दुकानं मला एका वेगळ्याच बाजूने कळायला लागली.

सगळ्यात सोयीचा जुना पसरा. दुकानाच्या तोंडावरच आडवी फळी, मागे पसरकार, त्याच्या मागे डबे. आत जायचा प्रश्नच नाही. सायकल कमरेला टेकवून उभं राहायचं, पाव किलो गूळ, एक उदबत्तीचा पुडा, अर्धा लिटर खोबरेल म्हणायचं. तो वजन करणार, पुडी बांधणार, पिशवी हँडलला अडकवायलाही हात देणार. गिऱ्हाईक आत, सायकल बाहेर, ही ताटातूट तिथे होतच नाही. ती सुरू झाली गिऱ्हाइकाने स्वतः टोपली घेऊन फिरायच्या दुकानांपासून. तिथे माल आपणच शोधायचा, आपणच उचलायचा, आपणच रांग लावायची, आणि तेवढा वेळ वाहन कुठे ठेवायचं हेही आपणच बघायचं. मोटारीसाठी त्यांनी जागा सोडलेली असते. एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली मावतात, हे सांगितलं की समोरचा मान डोलावतो आणि विषय संपतो.

पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल मात्र कुणाला राखावी लागत नाही. सकाळी तो वाड्यात शिरतो, भोंपू वाजवतो, पावांची टोपली मागे बांधलेली सायकल एखाद्या पायरीला टेकवतो आणि उंडे घेऊन आतल्या घरापर्यंत चालत जातो. टोपलीवर प्लास्टिक, बस्स. कुलूप मी कधी पाहिलं नाही. अख्खा वाडा त्या सायकलीला ओळखतो, ती नेणार कुठे? बाजारात तुम्हाला कुणी ओळखत नसतं, आणि मला वाटतं सायकल आत नेण्यात हाही एक फायदा आहे. चार वेळा विचारलं की दुकानदार ओळखू लागतो. माझ्या ओळखीतले निम्मे दुकानदार सायकलीमुळे जोडले गेलेत.

चोडण बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीत सायकल घेऊन चढलं की कुणी वळूनही बघत नाही. तीच सायकल फरशीवर आली की लोकांच्या भुवया का चढतात, ते मला अजून उलगडलेलं नाही.

अर्थात आत न्यायची तर रीत पाळावी लागते, आणि ती न पाळणाऱ्यांमुळे इतरांची दारं बंद होतात. सायकलीच्या डाव्या बाजूने चालायचं, म्हणजे चेन आपल्या कपड्यांपासून लांब राहते. उभी करताना चेनची बाजू भिंतीकडे, नाहीतर कुणाच्या तरी साडीला काळं लागणार, आणि ते वंगण धुऊन जात नाही. जुन्या ट्यूबचं बोटभर रुंद कडं कापून ते मी हँडलला ठेवलेलं असतं. पुढचा ब्रेक दाबून त्यात अडकवला की पुढचं चाक जागचं हलत नाही. अरुंद वाटेत पुढचं चाक उचलून सायकल मागच्या चाकावर उभी केली की ती माणसाएवढ्याच जागेतून जाते. पावसात दाराबाहेरच टायर आणि मडगार्ड पुसायचे. सीटखाली त्यासाठी फडकं बांधलेलं आहे. आपली तांबडी माती एकदा पांढऱ्या फरशीवर उठली की दुकानातल्या पोराला ओणवं होऊन घासावी लागते, आणि ते पोर आपल्याला ‘नाही’ म्हणू शकत नाही, म्हणूनच आपण जास्त जपायचं.

काही ठिकाणी मी विचारतही नाही. औषधांच्या दुकानात नाही, दवाखान्यात नाही, शिजवलेलं अन्न उघडं असतं तिथे नाही. गर्दीत नाही. पुढच्या आठवड्यात चतुर्थी. माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळांचा, बाजार भरला की कवंडळं, आंबाडे, तोरिंजन, सुपारीची शिपटी यांतून पाऊल टाकायला जागा उरत नाही. त्या दिवशी सायकल मावशीच्या अंगणात ठेवणार आणि चालत जाणार. हातात काठी घेतलेल्या आजीला माझ्या हँडलला वळसा घालून जावं लागत असेल, तर सायकलीचं कितीही कौतुक असलं तरी चूक माझीच.

आज खरं लिहायचं होतं ते हार्डवेअरच्या दुकानातलं.

दुकान जुनं, दोन पायऱ्या चढून जायचं. दुकानदारकाका सत्तरीच्या पुढचे. मी नेहमीप्रमाणे पायरीशी थांबून विचारलं, “काका, सायकल भितर हाडूं?” ते तराजूतून मान वर न करता म्हणाले, “हाड गो बाय. पळय मात, थंय रंगाचे डबे आसात.” त्यांनी दारात गोणपाट टाकलेलंच होतं. मी सायकल भिंतीला लावली आणि नळाचे वायसर मागितले.

तेवढ्यात एक गवंडी आला. कर्नाटकातल्या गदगकडचा, बोलण्यावरून कळलं. अंगावर प्लास्टिकची खोळ, हातात जुनी काळी सायकल, कॅरिअरला थापी आणि घमेलं बांधलेलं, हँडलला डबा. तो पायऱ्यांच्या खाली पावसातच उभा राहिला आणि तिथूनच मोठ्याने म्हणाला, “अर्धा किलो दो इंची खिळे.” आत यायचं त्याच्या मनातही आलं नाही. सायकल सोडून यायची तर हत्यारं उघडी पडतात, आणि सायकलीसकट यायचं तर कुणी येऊ देईल असं त्याला वाटलं नाही. त्याची नजर आत माझ्या सायकलीवर गेली आणि लगेच दुसरीकडे वळली.

माझ्या पोटात कालवलं. इतकी वर्षं मी समजत होते की दुकानदार मला हो म्हणतात ते मी विचारते म्हणून, टायर पुसते म्हणून. ते खरंही आहे. पण माझं हेल्मेट, माझी शाळा, माझं बोलणं हेही दाराशी माझ्याबरोबर उभं असतं. गोव्यात आज पोटासाठी सायकल चालवतो कोण? बांधकामावरचा मजूर, पोदेर, रखवालदार. ज्यांना सायकल गमावणं परवडत नाही त्यांच्यातल्या बहुतेकांना आत यायचं सुचवतही कुणी नाही.

मी माझी सायकल आणखी आत ओढली, मागच्या चाकावर उभी केली, आणि काकांना म्हटलं, “तांकाय येवंदी.” त्यांनाही येऊ द्या. काका क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनीच हाक मारली, “यो रे, भितर यो. पावस पळय कितलो.” त्याने दोन पायऱ्या सायकल उचलून चढवली. घमेल्यातलं पाणी त्याने आधी बाहेर ओतलं आणि चाकं खोळीच्या टोकाने पुसली. कुणी सांगितलं नव्हतं.

खिळे मोजून होईतो मी काकांजवळ विषय काढला. दोन सायकली आत आल्या की तिसरं माणूस मावत नाही, हे मलाही दिसत होतं. बाहेर पागोळीच्या आत भिंतीला एक कडं बसवलं तर? गल्ल्यावरून सरळ दिसेल असं. ज्याला लावायची त्याने आपलं कुलूप लावावं.

काकांना कल्पना पटली, पण जांभ्या चिऱ्याच्या भिंतीत ते टिकणार नाही असं त्यांचं म्हणणं. त्यावर गवंड्यानेच तोंड उघडलं. चिरा मऊ असतो, त्यात ठोकलेला बोल्ट हलवून हलवून बाहेर येतो, हे त्याने बोटाने भिंत टोकरून दाखवलं. पायरीच्या बाजूला हातभर खणून काँक्रीट भरायचं आणि सोळा मिलिमीटरची सळी वाकवून तिची दोन्ही टोकं त्यात पुरायची. वरचा भाग गुडघ्याच्या वर यावा, म्हणजे फ्रेमला कुलूप बसतं. नुसतं पुढचं चाक अडकवायचे जे स्टँड काही ठिकाणी असतात ते नकोतच, असं मीही सांगितलं; धक्का लागला की रिम वाकते, आणि चाक तेवढं कुलपात राहून बाकीची सायकल जाते.

काकांनी टेप काढला. माप कुणाच्या सायकलीवर घ्यायचं? माझी नळी तिरकी, उतरती. गवंड्याच्या सायकलीला आडव्या दोन नळ्या, उंच. त्याच्या सायकलीवर घेतलं. तिथे जे बसेल ते माझ्या सायकलीलाही बसतं, उलट नाही. काकांनी आकडा बिलाच्या मागे लिहून ठेवला. सळीचा तुकडा त्यांच्या मागच्या खोलीत पडलेला आहे, सिमेंट त्यांचंच, आणि मजुरी मी देते म्हटलं तर त्यांनी हात झटकला.

गवंडी रविवारी मोकळा असतो. चतुर्थीच्या आधीचा रविवार परवाच आहे. काँक्रीट ओलं असताना वरून पाणी नको, म्हणून काका जुनी ताडपत्री शोधून ठेवणार आहेत. मी सकाळी नऊला पोचणार आहे, डी-लॉक घेऊन.