चौऱ्याऐंशी दिवस आणि एक गोळी

गुंड्याचं पोट सुटायला लागलं तेव्हा घरात कौतुकच झालं. नऊ महिन्यांचा बोका, लहानपणापासून काडीपैलवान. "आता कुठे अंगाला लागतंय गं," असं आई म्हणाली आणि मलाही ते पटलं. मग एकदा पाठीवरून हात फिरवताना मणका न् मणका हाताला लागला. पोट वाढतंय आणि पाठ वाळतेय, हे काही बाळसं नव्हे. वजन केलं तर २.६ किलो. महिन्यापूर्वी २.९ भरलं होतं.

ताप त्याआधीपासून होता. १०४ च्या आसपास चढायचा, थोडा उतरायचा, पुन्हा चढायचा. अँटिबायोटिकला तो अजिबात दाद देत नव्हता. बारा दिवस आम्ही 'आज जरा बरा वाटतोय' असं एकमेकांना सांगत काढले. आता मागे वळून पाहिलं की ते बारा दिवस टोचतात.

सोनोग्राफीत पोटात पाणी दिसलं. डॉक्टरांनी सुईनं थोडं काढलं. पिवळंधमक आणि चिकट, चिमटीत धरून ओढलं तर तार सुटेल असं. त्यांनी एका नळीत डिस्टिल्ड वॉटर घेतलं, त्यात ॲसेटिक ॲसिडचा एक थेंब टाकून हलवलं आणि वरून या पिवळ्या पाण्याचा थेंब अलगद सोडला. तो विरघळलाच नाही. वरच लोंबकळत राहिला आणि मग शेपटी काढत सावकाश खाली उतरला. "ही रिव्हाल्टा चाचणी," ते म्हणाले. "थेंब विरघळला असता तर मी बऱ्यापैकी निश्चिंत झालो असतो. पण नाही विरघळला म्हणून लगेच शिक्का मारता येत नाही. पोटात जिवाणूंचा संसर्ग किंवा लिम्फोमा हा कर्करोग असला तरी हे होऊ शकतं." थेंबभर पाणी त्यांनी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. जिवाणू दिसले नाहीत, लिम्फोमाच्या पेशीही दिसल्या नाहीत.

रक्ताच्या अहवालात ॲल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन ही दोन प्रथिनं, पहिलं २.१ आणि दुसरं ७. भागाकार ०.३. हे गुणोत्तर ०.८ च्या वर असतं तर संशय जवळपास मिटला असता, ०.४ च्या खाली गेलं की तो बळावतो. त्या दिवसापासून मला भागाकाराची जी सवय लागली ती अजून सुटलेली नाही.

संशय एफआयपीचा होता. फेलाइन इन्फेक्शिअस पेरिटोनायटिस. नावात तीन शब्द आणि त्यातले दोन फसवे. 'इन्फेक्शिअस' म्हणतात, पण एका मांजराचा एफआयपी सहसा दुसऱ्याला जसाच्या तसा लागत नाही. 'पेरिटोनायटिस' म्हणतात, पण आजार पोटाच्या अस्तरापुरता राहत नाही, तो डोळ्यांत आणि मेंदूतही उतरतो. लागतो तो साधा मांजरांचा कोरोना विषाणू. चार मांजरं एकाच ट्रेमध्ये शी करत असली की तो सगळ्यांच्या आतड्यांत जाऊन बसतो, बहुतेकदा फार तर थोडे दिवस जुलाब होतात, बस्स. थोड्याच मांजरांच्या बाबतीत, बहुतेक दोन वर्षांच्या आतल्या, तो शरीरातच रूप बदलतो आणि मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशींमध्ये वाढायला शिकतो. ज्या पेशींनी त्याला गिळून संपवायचं, त्यांच्यातच बसून तो अंगभर फिरतो. रक्तवाहिन्या सुजतात, त्यातून प्रथिनांनी भरलेलं पाणी झिरपतं आणि घरचे म्हणतात, पोरगं अंग धरतंय.

'कोरोना' शब्द ऐकून शेजारच्या काकू दारातच दोन पावलं मागे सरकल्या. मांजरांचा हा कोरोना वेगळ्या गटातला, माणसांना त्याची बाधा होत नाही, हे मी त्यांना तीनदा सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढचे दोन आठवडे फोनवरूनच चौकशी केली.

एका ओळखीच्यांनी सुचवलं, अँटिबॉडीची चाचणी करून टाक, लगेच कळेल. डॉक्टरांनी त्यात वेळ घालवला नाही. अँटिबॉडी सापडल्या तर एवढंच कळतं की या मांजराची कोरोनाशी कधीतरी गाठ पडली होती. तशा कितीतरी ठणठणीत मांजरांत त्या सापडतात. पोटातल्या पाण्याची पीसीआर ही वेगळी गोष्ट, ती त्या पाण्यात खुद्द विषाणूच शोधते. ते पाणी प्रयोगशाळेत गेलं आणि आम्ही चार दिवस वाट पाहत बसलो. त्याच वेळी डॉक्टरांनी एक संमतिपत्र पुढे केलं. उरलेलं पाणी आणि गुंड्याच्या उपचारांची माहिती संशोधनासाठी वापरू द्याल का? मी न वाचताच सही केली. त्या क्षणी मी कशावरही सही केली असती.

त्या चार रात्री मी वाचत बसले. १९६३ मध्ये बोस्टनमध्ये जीन होल्झवर्थ या पशुवैद्य बाईंनी या आजाराचं पहिलं ठळक वर्णन केलं. तिथून पुढची पन्नासएक वर्षं निदान झालं की निरोपाची तयारी करायची, हाच शिरस्ता. लस करून पाहिली तर प्रयोगात काही वेळा उलटंच झालं. अँटिबॉडी असलेल्या मांजरांना आजार लवकर झाला, कारण त्या अँटिबॉडीच विषाणूला मॅक्रोफेजच्या आत शिरायला मदत करत होत्या. रात्री दोन वाजता वाचण्यासारखं हे काही नव्हे.

मग एकदम वारं फिरतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संस्थेत नील्स पेडरसन आयुष्यभर याच आजाराच्या मागे होते. त्यांच्या गटानं २०१९ मध्ये घरोघरच्या ३१ आजारी मांजरांना जीएस-४४१५२४ नावाचं औषध दिल्याचं प्रसिद्ध केलं. रेमडेसिव्हिर शरीरात गेल्यावर ज्या रेणूच्या रूपानं बराच काळ रक्तात राहतं, तोच हा. पाच मांजरं पहिल्या काही दिवसांतच गेली, ती आणली तेव्हाच फार खंगलेली होती. उरलेल्या २६ जणांनी बारा आठवडे पूर्ण केले. काहींचा आजार उलटला, त्यांना पुन्हा औषध दिलं. लेख छापून आला तेव्हा त्यांतली २४ ठणठणीत होती.

बारा आठवडे म्हणजे ८४ दिवस. हा आकडा आधीच्या एका औषधाच्या अनुभवातून आलेला. त्या वेळी उपचार लवकर थांबवला की आजार परत यायचा, म्हणून बारा आठवडे. वर्षानुवर्षं मांजरवाल्यांच्या तोंडी ८४ हा आकडा मंत्रासारखा फिरतो, त्याचं मूळ इतकं साधं आहे हे कळल्यावर मला उगाच हलकं वाटलं.

मधली काही वर्षं हे औषध बहुतेक देशांत राजरोस मिळतच नव्हतं, लोक ते चोरट्या बाजारातून आणून घरीच टोचायचे. २०२१ मधल्या एका अभ्यासात अशा ३९३ मांजरांच्या मालकांना विचारलं, तर ९६.७ टक्के मांजरं जिवंत होती. आकडा डोळे दिपवणारा. पण ज्याचं मांजर गेलं तो असले प्रश्न भरत बसेल का, हा विचार मला तेव्हाही आला. मी असते तर भरले नसते.

पीसीआर पॉझिटिव्ह आली. डॉक्टरांनी टॉर्चनं डोळे पुन्हा तपासले. उजव्या बुबुळाचा हिरवा रंग एका बाजूनं तांबूस झाला होता, आत किंचित धुकं. डोळ्यातही उतरलं होतं. रक्तातून डोळ्यात आणि मेंदूत औषध कमी पोचतं, त्यामुळे मात्रा वाढवावी लागते. सुदैवानं आम्हाला औषध रीतसर चिठ्ठीवर मिळालं आणि तेही गोळीच्या रूपात. इंजेक्शनचं द्रावण आम्लधर्मी असल्यानं ते झोंबतं, मांजराच्या पाठीवर जखमा होतात. ८४ दिवस तसं करायला मी धजावले असते का, माहीत नाही.

मे २०२४ च्या अखेरीस पहिली गोळी दिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थर्मामीटर १०२ वर, म्हणजे मांजरासाठी नेहमीचंच. तिसऱ्या दिवशी गुंड्या खिडकीत चढला आणि आई स्वयंपाकघरात जाऊन रडली.

पुढचं सगळं वहीवर चाललं. रात्री नऊला गोळी, त्याआधी ताप, रविवारी वजन. बाथरूमच्या काट्यावर मांजराला घेऊन उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, हा प्रकार कामाचा नाही, शंभर-दीडशे ग्रॅमची चूक त्यात सहज होते. आम्ही प्लास्टिकची टोपली छोट्या काट्यावर ठेवून त्यात त्याला बसवायचो. हे महत्त्वाचं, कारण वजन वाढलं की मात्राही वाढवायची. बोका भरत जातो आणि गोळी तेवढीच राहिली तर आपण नकळत औषध कमी करत असतो. एका गोळीवर सुरुवात झाली, मग सव्वा, मग दीड.

गोळी देणं ही कला आहे आणि मला ती पूर्ण कधीच आली नाही. टॉवेलमध्ये गुंडाळायचं, मान किंचित वर, जबडा उघडला की जिभेच्या मुळाशी गोळी सोडायची, मग सिरिंजनं थोडं पाणी, नाहीतर कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकते. गुंड्या गोळी गालात धरून शांतपणे माझ्याकडे बघायचा. गिळल्याचा अभिनयही करायचा.

दहाव्या दिवशी रक्त तपासलं तर ग्लोब्युलिन कमी व्हायच्या ऐवजी वाढलेलं. माझे पाय गळाले. डॉक्टर म्हणाले, "पोटातलं पाणी परत रक्तात शोषलं जातंय, त्यातली प्रथिनं कुठे जाणार? वजन बघा, ताप बघा." पोट खरंच आत गेलं होतं. महिन्याभरात गुणोत्तर ०.६ झालं, डोळ्यातलं धुकं निवळलं.

एक्कावन्नाव्या दिवशी नवं संशोधन हाती आलं. म्युनिकच्या विद्यापीठातला अभ्यास, जुलै २०२४ मधला. पोटात किंवा छातीत पाणी झालेली ४० मांजरं, अर्ध्यांना ४२ दिवस गोळ्या, अर्ध्यांना ८४. एकूण ३८ बरी झाली आणि ४२ दिवसांचा गट कुठेही मागे पडला नाही. मी ते छापून दवाखान्यात नेलं. गोळ्यांनी मी टेकीला आले होते, गुंड्या माझ्या चाहुलीनंसुद्धा पळायला लागला होता.

"चांगला अभ्यास आहे," डॉक्टर म्हणाले. "उद्या पाणी झालेलं, डोळा-मेंदू साफ असलेलं मांजर आलं तर मी याचा जरूर विचार करेन. पण तुमच्या बोक्याच्या डोळ्यात उतरलं होतं. त्याच्या जिवावर मी हा निकाल ताणणार नाही. चालू ठेवा."

चालू ठेवलं. अठ्ठावन्नाव्या दिवशी झाडताना सोफा पुढे ओढला. मागच्या फटीत, धुळीच्या पुंजक्यात एक गोळी. अर्धवट विरघळून पुन्हा वाळलेली. अख्खी होती, म्हणजे एक गोळी चालू होती तेव्हाची, पहिल्या तीन आठवड्यांतली. वहीत त्या सगळ्या दिवसांपुढे बरोबरची खूण होती. ती माझ्याच हातची.

मी कुणालाच सांगितलं नाही. दोन दिवसांनी रक्त तपासायचं होतं, तेव्हा सांगेन असं ठरवलं. अहवाल उत्तम आला, गुणोत्तर ०.८, मग सांगायचं राहिलं. म्हणजे सोयीस्करपणे राहिलं.

२० ऑगस्टच्या सुमाराला ८४ दिवस संपले. खरी परीक्षा त्यानंतर असते, याची मला कल्पना नव्हती. पुढचे तितकेच दिवस औषधाशिवाय, फक्त नजर ठेवायची, कारण आजार उलटला तर साधारण याच काळात उलटतो. गोळी होती तोवर रात्री नऊला हाताला काम तरी होतं. आता तो शिंकला की थर्मामीटर, जास्त झोपला की थर्मामीटर. त्याला गोळीपेक्षा थर्मामीटरचा राग जास्त होता आणि त्याची बाजू मला समजत होती.

नोव्हेंबरच्या मध्यावर शेवटची तपासणी झाली. वजन ४.१ किलो, गुणोत्तर ०.९, डोळे साफ, फक्त उजव्या बुबुळावर तांबूस रंगाची पुसट रेघ राहिलीय. आठवड्याभरानं फोन आला, मी सही केलेल्या त्या संशोधनासाठी. पलीकडची मुलगी एकेक प्रश्न विचारत होती. मांजर जिवंत आहे? हो. पुन्हा लक्षणं दिसली? नाही. उलट्या, जुलाब? सुरुवातीला दोनदा.

"उपचाराच्या काळात किती मात्रा चुकल्या?"

वही समोर उघडीच होती. ८४ खुणा.

"एक," मी म्हणाले.

"तारीख सांगाल?"

"तारीख माहीत नाही. पहिल्या एकवीस दिवसांतली कुठलीतरी. गोळी सोफ्यामागे सापडली."

ती क्षणभर थांबली. "मॅडम, इथे तारखेचा रकाना आहे," ती म्हणाली. "बरं, तुम्ही सांगितलंत तसंच लिहून घेते."