दारूबंदीपूर्वीचे पातळ पेले

अमेरिकेत १७ जानेवारी १९२० रोजी देशव्यापी दारूबंदी लागू झाली आणि ५ डिसेंबर १९३३ रोजी ती उठली. मी जे शॉट ग्लास, म्हणजे एका घोटाएवढी दारू मावणारे छोटे पेले, जमवतो ते या बंदीच्या आधीच्या तीस-पस्तीस वर्षांतले आहेत. व्हिस्की गाळणाऱ्या किंवा घाऊक विकणाऱ्या पेढ्यांनी जाहिरात म्हणून ते गिऱ्हाइकांना फुकट दिले होते आणि त्यांच्या पातळ काचेवर पेढीचे नाव कोरलेले असते. यांच्याहून देखणी बारची भांडी पुष्कळ मिळतात. पण ज्या व्यवसायाची दुकाने आणि भट्ट्या एका घटनादुरुस्तीने बंद पडल्या, त्याची नावे-गावे या पेल्यांवर टिकून राहिली आहेत, म्हणून माझ्या लेखी ते आधी दस्तऐवज आहेत आणि मग शोभेच्या वस्तू.

ओहायओत राहणाऱ्या संग्राहकाच्या हाती बहुधा सर्वांत आधी हेनर कंपनीचा पेला येतो. माझेही तसेच झाले. ट्रॉय गावी सुरू झालेल्या या पेढीला विल्यम हेनर यांनी टपालाने मागणी घेऊन थेट घरी व्हिस्की पोचवणाऱ्या मोठ्या धंद्याचे रूप दिले. डेटन हे त्याचे मुख्य केंद्र होते आणि सेंट लुइस, सेंट पॉल, अटलांटा येथेही कचेऱ्या होत्या. वर्तमानपत्रांतल्या त्यांच्या जाहिराती आज वाचतानाही गुंतवून ठेवतात: सात वर्षे मुरलेल्या राय (राय नावाच्या धान्यापासूनच्या) व्हिस्कीच्या चार क्वार्ट (सुमारे एक लिटरच्या) बाटल्या ३ डॉलर २० सेंटना, पार्सलचा खर्च कंपनीकडे, आणि आत काय आहे हे कळू नये म्हणून खोक्यावर कसलीही खूण नाही. ही शेवटची सोय कोणासाठी होती हे उघड आहे. देशव्यापी बंदीच्या कितीतरी आधी अनेक राज्ये आणि जिल्हे आपापल्यापुरते ‘कोरडे’ झाले होते. कॅन्ससमध्ये तर १८८१ पासून बंदी होती. वर्धा आणि गडचिरोलीच्या दारूबंदीविषयी वाचत आलेल्या मराठी वाचकाला, बंदी असलेल्या मुलखात हद्दीपलीकडून माल कसा येत राहतो, हे वेगळे सांगायला नको. फरक एवढाच की हेनरचा हा व्यवहार बराच काळ कायद्याच्या चौकटीत बसत होता, कारण राज्याराज्यांमधला व्यापार केंद्राच्या अखत्यारीत होता. १९१३ च्या वेब-केन्यन कायद्याने त्यावर मर्यादा आणली.

हा पेला हातात घेतल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो त्याचा हलकेपणा. उंची सहा सेंटिमीटरच्या आसपास, भिंत अंड्याच्या कवचाची आठवण व्हावी इतकी पातळ, बूड मात्र किंचित जाड, आणि कडेवर कधीकाळी असलेल्या सोनेरी रेघेचे तुटक अवशेष. मजकूर पांढरा, धुरकट दिसतो, पण नखाने चाचपला तर रंगाचा थर लागत नाही, कारण तो काचेवर लावलेला नसून काचेतच उतरलेला असतो. नक्षीच्या धातूच्या पत्र्यावरून आम्लाला दाद न देणाऱ्या मेणचट शाईचा ठसा पातळ कागदावर घेत, तो कागद पेल्याला चिकटवून सोडवीत आणि मग हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या मिश्रणाने उघडी राहिलेली काच खात. या कामात नाव घ्यावे असे कारागीर म्हणजे जॉर्ज ट्रुओग. मेरिलंड राज्यातल्या कंबरलंड शहरात त्यांचा काचकोरणीचा कारखाना होता. वेलबुट्टीची त्यांची रेघ मला फार आवडते.

आता नकली मालाविषयी, कारण नव्या संग्राहकाचे पैसे इथेच बुडतात. जुन्या काळचे कोरे पेले स्वस्त मिळतात आणि त्यांवर आज नवा मजकूर कोरून ते विकले जातात, त्यामुळे केवळ काच जुनी असल्याने पेला खरा ठरत नाही. भिंग घेऊन अक्षरांच्या कडा पाहाव्यात. वाळूच्या माऱ्याने उमटवलेले अक्षर खरबरीत आणि सगळीकडे सारखेच खोल असते, तर आम्लाच्या जुन्या कामात बारीक रेघाही तलम राहतात आणि कुठे कुठे ठसा अर्धवट उतरलेला असतो. बुडावरचे ओरखडे खरे असतील तर वेडेवाकडे आणि कमीजास्त असतात. एकाच दिशेने गेलेले ओरखडे पॉलिशपेपरचे असतात. जांभळट झाकेच्या पेल्यांना काही विक्रेते जादा किंमत सांगतात. त्या काळी काच पांढरी दिसावी म्हणून तिच्यात मँगनीज घालत आणि अशी काच उन्हात वर्षानुवर्षे राहिली की फिकट जांभळी होते, हे खरेच आहे; पण हल्ली कृत्रिम किरणोत्साराने काही तासांत गडद जांभळा रंग आणला जातो, आणि असा पेला कायमचा बिघडलेला असतो असेच मी मानतो.

माझा सर्वाधिक वेळ मात्र खरेदीत न जाता तपासात जातो, आणि या छंदाचा खरा आनंद तिथेच आहे. पेल्यावर ‘बॉटल्ड इन बाँड’ असे शब्द असतील तर तो १८९७ च्या कायद्यानंतरचा, कारण किमान चार वर्षे सरकारी देखरेखीखालच्या गोदामात मुरलेल्या व्हिस्कीला हे नाव त्या कायद्याने दिले. शुद्ध अन्न कायद्याचा उल्लेख असेल तर १९०६ च्या आधी जाता येत नाही. टेलिफोनचा दोन-तीन आकडी क्रमांक असेल तर सार्वजनिक ग्रंथालयात त्या शहराच्या जुन्या डिरेक्टऱ्या काढून बसावे. पेढी कोणत्या रस्त्यावर होती, मालक कधी बदलला, शेवटची नोंद कोणत्या वर्षीची, हे सगळे एकेका ओळीने उलगडत जाते. सिनसिनाटी आणि लुइव्हिलच्या घाऊक पेढ्यांपैकी कित्येकांची स्वतःची भट्टी नव्हती. त्या इतरांची व्हिस्की विकत घेऊन, मिसळून आपल्या नावाने विकत, आणि पेल्यावर मात्र रुबाबात ‘डिस्टिलर्स’ लिहीत.

बंदी उठल्यानंतरच्या भांड्यांबद्दल थोडक्यात सांगतो. शॉट ग्लास जाड बुडाचे, दणकट झाले. पण कॉकटेलच्या सामानात त्या दशकाने अप्रतिम कामे दिली: नॉर्मन बेल गेडीस यांनी रिव्हिअर कंपनीसाठी केलेला ‘मॅनहॅटन’ हा सरळ, उंच रेषांचा संच आणि नेपिअर कंपनीचा पेंग्विनच्या आकाराचा शेकर मला संग्रहालयाच्या कपाटात पाहूनच समाधान मिळते, त्यांच्या किमती माझ्या आवाक्याबाहेर आहेत.

पातळ पेले डिशवॉशरमध्ये कधीही घालू नयेत. सोनेरी कड जाते आणि काच कायमची धुरकट होते. कोमट पाणी, मऊ कापड आणि सिंकमध्ये अंथरलेला टॉवेल एवढे पुरते. कडेला टवका उडालेला पेला बाजारात निम्म्याहून कमी किमतीला मिळतो आणि बहुतेक संग्राहक तो बाजूला ठेवतात, पण त्यावर एखाद्या लहानशा गावाचे आणि कुठल्याही यादीत न सापडणाऱ्या दुकानाचे नाव असेल, तर हेनरचे दोन निर्दोष पेले देऊनही मी तो घेईन.