मिशीवरचा 'जे'

मी ओहायोत एका छोट्या नेचर सेंटरमध्ये किडे ओळखायचं काम करते. सप्टेंबरमधली गोष्ट. एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा जॅमच्या बरणीत फिकट हिरवा, जवळजवळ पारदर्शक पंखांचा रातकिडा घेऊन आला आणि म्हणाला, हा थर्मामीटर बिघडलाय.

मला लगेच कळलं काय ते. इथे झाडावरचा एक रातकिडा आहे, स्नोई ट्री क्रिकेट, त्याची चिरचिर १३ सेकंद मोजायची, त्यात ४० मिळवायचे की साधारण फॅरेनहाइट येतं, डॉल्बेअर नावाच्या माणसाने १८९७ मध्ये यावर लिहिलंय. बरणीत बघितलं, डोक्यावर केशरी झाक, अंगाने सडपातळ, म्हटलं हो हो, स्नोईच आहे, तुझं मोजायला चुकलं असेल. तर पोरगं म्हणतं, मोजू काय, हा थांबतच नाही, काही सेकंद नुसतं र्र्र्र, मग गप्प, मग परत र्र्र्र.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, स्नोई तर सुटंसुटं चिरचिरतो, असा सलग नाही. बरणी दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवली (नाहीतर ह्या मिशा एक सेकंद स्थिर राहत नाहीत, आणि मागे एकदा असाच एक उडी मारून माझ्या चहाच्या किटलीवर बसला होता) आणि मायक्रोस्कोपखाली घेतलं. बाकी अंग बघून काही उपयोग नसतो, मिशीच्या बुडाचे पहिले दोन सांधे बघायचे. स्नोईच्या दोन्ही सांध्यांवर एकेक काळा गोलसर ठिपका असतो. याच्या पहिल्या सांध्यावर चक्क इंग्रजी 'जे', खालचा आकडा आतल्या बाजूला वळलेला. म्हणजे हा स्नोईचा भाऊबंद, नॅरो-विंग्ड ट्री क्रिकेट, शास्त्रीय नाव ओइकँथस निवियस! पोराने कान लावून ऐकलं होतं आणि मी मात्र बघायच्या आधीच नाव ठोकून मोकळी.

गंमत म्हणजे हा घोळ जुना आहे. निवियस हे नाव कितीतरी वर्षं स्नोईलाच चिकटलेलं होतं, १९६२ मध्ये वॉकर नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने ते सोडवलं आणि स्नोईला फुल्टोनाय असं नवं नाव दिलं.

पोराला सॉरी म्हटलं, त्याला मायक्रोस्कोपमधून 'जे' दाखवला. हे ऐकल्यावर आमच्या मॅडमनी लगेच काम लावलं, १९६२ च्या आधीच्या नमुन्यांचा अख्खा ड्रॉवर परत तपास म्हणे, निवियस लिहिलेले खरंच निवियस आहेत का ते. उघडून बघितला तर सगळे वाळून तपकिरी, आणि अर्ध्यांना मिशाच नाहीत.