वारा कसा काढायचा?

गेली 9 वर्षं घाटंजीत माझं डिझाइनचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, तेरवीच्या पत्रिका, कृषी केंद्रांचे बोर्ड. गिऱ्हाईक मॅटर देतं, मी कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवते, व्हॉट्सअॅपवर प्रूफ जातं, 'फोटो जरा मोठा करा' असं उत्तर येतं आणि काम संपतं. दर 1 जानेवारीला वहीच्या पहिल्या पानावर मी त्या वर्षी काय शिकायचं ते लिहिते. यंदा लिहिलं होतं : ब्लेंडर हे थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर, मोशन ग्राफिक्स म्हणजे हलती चित्रं, एआयकडून चित्रं करून घेणं.

दुसऱ्याच आठवड्यात एका शेतकरी गटाचं काम आलं. फवारणी करताना घ्यायच्या काळजीचं पोस्टर, 3 बाय 4 फूट, गावोगावच्या भिंतींवर लावायला. 'शक्यतो चित्रंच ठेवा, अक्षर कमी' एवढीच सूचना होती.

हे काम माझ्यासाठी नेहमीचं नव्हतं. 2017 च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो लोक दवाखान्यात होते. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, माणसाच्या डोक्यावर गेली होती, फवारा अंगावरच पडायचा. माझ्या माहेरच्या गल्लीतला एक जण कितीतरी दिवस डोळे उघडू शकला नव्हता. म्हणून मी मन लावून बसले. औषधाच्या डब्यावर कायद्याने जो टोकावर उभा चौकोन असतो, तो नीट अभ्यासला. त्याच्या खालच्या अर्ध्यात रंग असतो. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, आणि सर्वांत कमी हिरवा. हा चौकोन लेबलच्या दर्शनी भागाच्या किमान एक-सोळांश असावा लागतो. म्हणजे शंभर मिलीच्या बाटलीवर तो नखाएवढाच उरतो. मी तो पोस्टरवर हातभर केला. शेजारी उलटी पडलेली बोंडअळी, मास्क-चष्मा घातलेला फवारणीवाला, उघड्या अंगाने फवारणाऱ्यावर मोठी लाल फुली, आणि वाऱ्याच्या दिशेने फवारा हे सांगायला तीन वळणदार रेघा. गटाला पोस्टर आवडलं. फक्त फोटोतला माणूस 'आपल्याकडचा वाटत नाही' म्हणाले. ते खरंच होतं. विकतचा फोटो होता तो.

म्हणून फोटो काढायला मी जवळच्याच एका गावात गेले. सकाळचे दहा वाजले असतील. शेवटचा वेचा चालू होता. कमरेला ओट्या बांधून सहा-सात बाया ओळीने कापूस वेचत होत्या, पलीकडच्या तुकड्यात हरभरा घाट्यांवर आला होता. सावलीत पाणी प्यायला बसल्या तेव्हा मी प्रूफ त्यांच्यापुढे धरलं. सहजच धरलं होतं, मत विचारायला नव्हे.

एका आजीने तीन रेघांवर बोट ठेवलं. "हे कायचं पाणी हाय वं?"

"पाणी नाही आजी, वारा आहे."

"वारा? वारा असा दिसते काय?"

दुसरीने फुलीवाल्या माणसाकडे पाहिलं. "अन् याले काय झालं? मेला काय हा?" असं करू नका, हे मला त्या फुलीतून सांगायचं होतं. तिला फुली मारलेला माणूस दिसला, आणि फुली मारलेलं म्हणजे संपलेलं. तिचं काही चुकलं नव्हतं.

पण माझ्या काळजाचा ठोका चुकला तो लाल चौकोनावर. पंचविशीतली एक सून होती, वाचता येणारी. ती ठामपणे म्हणाली, "हे कडक औषध हाय. याच्यानं अळी लवकर मरन." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी घरी येऊन ते पोस्टर पुन्हा पाहिलं तेव्हा कळलं, चौकोनाच्या शेजारी मेलेली अळी मीच ठेवली होती. माणसासाठी धोका म्हणून काढलेला रंग मी औषधाची ताकद म्हणून विकत होते. हे पोस्टर तसंच छापून तीस-चाळीस भिंतींवर लागलं असतं. त्या विचाराने मला अजूनही झोपेत दचकायला होतं.

तिथे शेतात मात्र मी नुसती गप्प बसले होते. मग विचारलं, "मग वारा कसा काढू?"

आजी उठली. बांधावर जाऊन वाऱ्याला पाठ देऊन उभी राहिली, खोचलेला पदर सोडला. तो पुढे, हरभऱ्याकडे उडाला. "पदर काढ ना, पोरी. वारा जिकडं जाते तिकडंच पदर जाते. फवारणीवाल्याच्या गळ्यातला दुपट्टा काढ, तो असा पुढं गेला पायजे. मांगं येऊन तोंडाले लागला त समजाचं, चुकलं."

प्रूफची पाठकोरी बाजू आणि पर्समधलं बॉलपेन एवढंच जवळ होतं. बारावीनंतर मी हाताने माणूस काढला नव्हता. खांदे वाकडे आले, पंप पाठीवर तरंगत होता. "पट्टा असा नाही, असा येते," म्हणून एकीने माझ्याच खांद्यावर दोरी टाकून दाखवली. दुपट्टा मात्र जमला. आजीने तो पाहिला आणि काही न विचारता वाऱ्याची बाजू हाताने दाखवली.

तेवढ्यात इतका वेळ गप्प असलेली एक बाई बोलली. "पाणी आमी भरतो, औषध आमी कालवतो, घरी आल्यावर त्याचे कपडे आमीच धुतो. अन् याच्यात आमी कुठंच नाही."

खरंच नव्हत्या. माझ्या पोस्टरवर एकही बाई नव्हती. बादलीत काठीऐवजी हाताने औषध ढवळणारी नव्हती, फवारणीचे कपडे लेकराच्या कपड्यांबरोबर भिजवणारी नव्हती. मी स्वतः याच मातीतली, आईला हे सगळं करताना पाहिलेली, आणि मला ते सुचलं नाही. कारण इंटरनेटवर फवारणी शोधली की पंप घेतलेला पुरुष येतो, आणि मी तिथूनच सुरुवात केली होती. दुकानात बसून आणखी दहा सॉफ्टवेअर शिकले असते तरी ही चूक तशीच राहिली असती, फक्त जास्त चकचकीत दिसली असती.

गटाला फोन करून मी पंधरा दिवस मागून घेतले. लाल चौकोन अळीपासून उचलून माणसाच्या तोंडाजवळ आणला. फुली काढून टाकली, त्या जागी डोकं धरून बांधावर बसलेला माणूस आला. खालची आख्खी ओळ बायांची केली : पाणी, काठीने कालवणं, वेगळी बादली, साबणाने हात.

रविवारी दुसरं प्रूफ घेऊन गेले. त्या गप्प बाईने कागद मांडीवर घेतला आणि एकेक चित्रावरून बोट फिरवत गेली. हात धुण्याच्या चित्रावर थांबली. "हे सगळ्यात शेवटी कायले? औषध कालवलं की पयले हेच लागते. आमी त तसंच भाकर खातो." मी त्या चित्राची जागा तिथेच बाण काढून बदलली.

वहीतल्या पहिल्या पानावर ब्लेंडर अजून आहे, शिकेन. त्याच्या वर आता 'रोज दोन पानं रेखाटन' लिहिलंय. सध्या डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईची मान मला नीट जमत नाही, म्हणून दोन्ही पानं तिच्यावरच जातात. तिसरं प्रूफ येत्या रविवारी दाखवायचं आहे.