चट्टा चाईचा नव्हता

"चाई पडलीय, महिनाभर कांद्याचा रस चोळतोय." साताऱ्यात आज दवाखान्याच्या बाकावर एक आई सांगत होती. शेजारी सातवीतली लेक, डोक्यावर ओढणी गच्च.

चाईत कातडी गुळगुळीत दिसते. इथं चट्ट्यात तुटके, कमी-जास्त लांबीचे केस खुंटासारखे उभे होते. केस गळत नव्हते, उपटले जात होते.

ही नुसती खोड नाही. ट्रायकोटिलोमेनिया, म्हणजे स्वतःचेच केस उपटत राहणं, हा मानसिक आजार आहे, बहुधा १० ते १३ वर्षांच्या सुमारास सुरू होणारा. अभ्यासात, टीव्हीपुढे हात आपोआप डोक्याकडे जातो, पोरीला कळतही नाही. रागावलं की ती लपून उपटते, एवढंच.

खरी भीती उपटलेला केस पोटात जातो तेव्हाची. केस पचत नाही. जठरात साचून गोळा होतो, कधी त्याचं शेपूट आतड्यात उतरतं. दोन घासांत पोट भरणं, उलट्या, वजन घटणं, रक्त कमी होणं, बेंबीच्या वर टणक गाठ लागणं, यातलं काही दिसलं तर थांबू नका. मोठा गोळा बहुतेक वेळा ऑपरेशन करूनच काढावा लागतो. मनावरचे उपचार राहिले तर तो पुन्हा होतो.

त्या उपचारात हात नेमका कधी वर जातो ते टिपायला शिकवतात, आणि तशी ओढ आली की मिनिटभर मूठ घट्ट आवळून धरायला. मानसोपचारतज्ज्ञ जवळ नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलतात.

"केस तोंडात घालतेस का गं?" हे न रागावता विचारणारं कुणी तुमच्या घरात आहे?