लांबच्या क्रांतीची पिछाडी

अलिबाग, ९ ऑक्टोबर

हळवी भातं कापणीला आलीत आणि दुपारनंतर रोज गडगडतंय. आज क्युबाच्या क्रांतीतला गनिमी नेता चे गव्हेरा याचा स्मृतिदिन. सकाळपासून ओळखीच्या डाव्या मंडळींनी तोच टोपीतला फोटो लावलाय, खाली 'लाल सलाम'. फोटोबद्दल माझी तक्रार नाही. मनात घोळतंय ते बोलिव्हिया, जिथे क्रांती पेटवायला गेलेला चे मारला गेला. परदेशातल्या सशस्त्र क्रांतीला पाठिंबा देतो म्हणजे आपण नेमकं काय देतो, आणि ते तिथे कुणाच्या उपयोगी पडतं, हा प्रश्न त्या अकरा महिन्यांइतका उघडा मला दुसरीकडे दिसलेला नाही.

१९६६ च्या नोव्हेंबरात चे तिथे पोहोचला. न्यांकावासू नदीकाठच्या रानात तळ पडला. माणसं सारी मिळून पन्नासच्या आसपास: क्युबन, बोलिव्हियन आणि काही पेरूचे. ३१ डिसेंबरला बोलिव्हियाच्या कम्युनिस्ट पक्षाचा सचिव मारिओ मोन्हे तळावर येऊन भेटला. लढा आमच्या देशात, तर नेतृत्व आमचं, असं त्याचं म्हणणं. चेने ते मानलं नाही. पक्ष बाजूला झाला आणि शहरातून रसद, माणसं, औषधं येण्याची वाटच आटली. गनिमांनी केचुआ भाषा शिकायला घेतली होती, त्या भागात बोलली जायची ग्वारानी. १९५२ च्या क्रांतीनंतर खाणींचं राष्ट्रीयीकरण झालेलं होतं, १९५३ मध्ये जमिनीचं वाटप सुरू झालं होतं. हातात सातबारा आलेल्या कुळाला डोंगरातून आलेला परका माणूस 'जमिनीसाठी बंदूक घे' म्हणून सांगतो, तेव्हा तो काय करेल हे कोकणात तरी कुणाला समजावून सांगायला नको. एकही शेतकरी त्यांना येऊन मिळाला नाही. चेने स्वतःच्या रोजनिशीत ही गोष्ट महिन्यामागून महिना नोंदली आहे.

एप्रिलमध्ये तुकडीचे दोन भाग झाले, ते पुन्हा एकमेकांना भेटलेच नाहीत. बाहेर निरोप पाठवायचं साधन बंद पडलं. ऑगस्टमध्ये लपवलेला साठा सैन्याच्या हाती लागला, त्यात चेची दम्याची औषधंही गेली. ३१ ऑगस्टला दुसरी तुकडी नदी ओलांडताना कापली गेली. आणि ज्यांच्याशी जोडून घ्यायला हवं होतं ते खाणकामगार तिकडे दूर पठारावर. २४ जूनच्या पहाटे सैन्याने त्यांच्या वस्तीवर गोळीबार केला, तेव्हा गनिमांना त्यांच्यासाठी काहीही करता आलं नाही.

याला मी पिछाडी, म्हणजे पाठीमागचा आधार, नसणं म्हणतो. धैर्य होतं, शिस्त होती, पाठीशी क्युबासारखा देश होता. पण जखमी माणूस रात्री कुणाच्या पडवीत ठेवायचा, या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

१० ऑक्टोबर

काल लिहिलेलं वाचून कुणी म्हणेल, मग क्युबात कसं जमलं? तिथेही बोटीतून उतरलेली मूठभर माणसंच होती की.

होती, पण फिडेल कास्त्रोच्या 'ग्रानमा' बोटीची गोष्ट अर्धी सांगितली जाते. डझनभर माणसांसाठी बांधलेल्या बोटीत ८२ जण २५ नोव्हेंबर १९५६ ला मेक्सिकोहून निघाले. सांतियागोतला उठाव ठरला होता ३० तारखेला, बोट टेकली २ डिसेंबरला. दोन दिवस उशीर, तोवर उठाव मोडला होता. टेकलीही कुठे, तर कांदळवनात. रेवदंड्याच्या खाडीत भरती ओसरल्यावर चिखलात मांडीभर रुतलेल्या माणसाने डोक्यावर ओझं घेतलेलं डोळ्यांपुढे आणावं, म्हणजे त्या उतरण्याची कल्पना येईल. जड सामान तिथेच सोडावं लागलं. तीन दिवसांनी सैन्याने गाठलं आणि वीसेक माणसं उरली.

ती वीस माणसं जगली ती किनाऱ्यावरच्या आणि डोंगरातल्या लोकांमुळे. सेलिया सांचेझने आधीच गावोगाव माणसं जोडून ठेवली होती. कुठल्या घरात थांबायचं, वाट कोण दाखवणार, ट्रक कुठे उभे राहणार, सगळं ठरलेलं. क्रेसेन्सियो पेरेझसारखा डोंगरातला जुना माणूस आपल्या नात्यागोत्यासकट पाठीशी उभा राहिला. सांतियागोत फ्रँक पाईस पैसा, कपडे, माणसं वर पाठवत होता. बोट लोकांच्या लक्षात राहिली आणि पिछाडी राहिली नाही. पुढे लॅटिन अमेरिकेत ज्यांनी क्युबाची नक्कल केली त्यांनी बहुतेक वेळा बोटीचीच नक्कल केली.

पिछाडी हा शब्द आपल्याला पुस्तकातून शिकावा लागलेला नाही. १९२८ चा मुंबईतला गिरणी संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. सहा महिने बिनपगारी. इतके दिवस संप टिकला त्यात लाल बावट्याच्या संघटनेइतकाच वाटा गावच्या भाताच्या कणगीचा होता. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याच्या बोटींनी चाकरमानी गावी आले आणि पेज पिऊन राहिले. एरवी मनीऑर्डरीवर जगणाऱ्या कोकणाने त्या वर्षी मुंबईला पोसलं.

त्याच संपाला मॉस्कोच्या गिरणी कामगारांकडून पैसे आले होते. आले ते प्रेमाने, आणि तिकडचा कामगारही काही सुखवस्तू नव्हता. पण २० मार्च १९२९ ला कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांची धरपकड झाली आणि मीरतच्या खटल्यात सरकारने तेच पैसे कटाचा पुरावा म्हणून मांडले. भाताच्या कणगीला कुठलंही कोर्ट परकी हस्तक म्हणू शकलं नसतं. मॉस्कोने पैसे पाठवायला नको होते असं मी म्हणत नाही. दोन्ही मदतींचं वजन सारखं नव्हतं, एवढंच.

आणि परकी पिछाडी काढूनही घेता येते. ग्रीसचे कम्युनिस्ट १९४६ पासून डोंगरात लढत होते. जखमी, रसद, सगळी ये-जा युगोस्लाव्हियाच्या सरहद्दीवरून. १९४८ ला स्टालिन आणि टिटो यांच्यात फाटलं. ग्रीक पक्षाने स्टालिनची बाजू घेतली. १९४९ च्या जुलैत टिटोने सरहद्द बंद केली, ऑगस्टात ग्रामोस आणि वित्सीचे डोंगर पडले, ऑक्टोबरात लढाई संपली. हजारो माणसांच्या जिवाचा निकाल दोन राजधान्यांमधल्या भांडणावर लागला. खुद्द स्टालिनने तर १९४४ च्या ऑक्टोबरातच ग्रीस चर्चिलच्या वाट्याला सोडला होता.

फिलिपिन्सचा अनुभव किनाऱ्यावरच्या माणसाला लगेच कळेल. १९७२ च्या जुलैत तिथल्या कम्युनिस्ट गनिमांनी चीनहून रायफली भरलेलं 'कारागातान' जहाज लुझोन बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर आणलं. बंदर नाही, धक्का नाही, समोर उघडा समुद्र आणि तुफानांचा हंगाम. आपल्याकडे जुलैत होड्या ओढून झाकून ठेवलेल्या असतात, त्या महिन्यात हे काम! लहान होड्यांनी माल उतरवायला लागतो दिवसांचा वेळ, आणि अडकलेलं जहाज मैलांवरून दिसतं. सैन्याला सुगावा लागला, थोड्याच रायफली डोंगरात पोहोचल्या. १९७४ चा दुसरा प्रयत्नही फसला. १९७५ च्या जूनमध्ये चीनने मनिलाच्या सरकारशी राजनैतिक संबंध जोडले आणि तो रस्ताच मिटला.

११ ऑक्टोबर

मग बाहेरच्याने करायचं तरी काय? आमच्या चर्चांमध्ये इथे दोन टोकं पडतात. एक म्हणतं, हिंसा आली की आमचा संबंध संपला. ते मला पटत नाही. १९३६ मध्ये स्पेनच्या प्रजासत्ताकावर फ्रँको चालून आला, तेव्हा 'हस्तक्षेप नको' म्हणणाऱ्या सरकारांनी प्रत्यक्षात शस्त्रं नाकारली ती प्रजासत्ताकाला. हिटलर आणि मुसोलिनीची विमानं येतच राहिली. तिथे तटस्थ राहणं म्हणजे बाजू घेणंच होतं. दुसरं टोक म्हणतं, बंदूक हातात घेतली म्हणजे ते आपले, बाकी प्रश्न विजयानंतर. याचीच मला जास्त भीती वाटते.

पश्चिम बर्लिनच्या 'टागेसत्सायटुंग' या डाव्या दैनिकाने १९८० पासून 'एल साल्वादोरसाठी शस्त्रं' अशी उघड वर्गणी काढली. १९९२ पर्यंत ४७ लाखांहून अधिक मार्क जमले. तिथलं सरकार आणि त्याची मृत्युपथकं शेतकऱ्यांना मारत होती, तेव्हा वर्गणी देणाऱ्यांचा राग खरा होता. पण ज्या संघटनांकडे पैसा जायचा त्यांच्यात काय चाललं होतं तेही पाहायला हवं होतं. कवी रोके डाल्टनला त्याच्याच साथीदारांनी १९७५ च्या मे महिन्यात गोळी घातली होती. १९८३ च्या एप्रिलमध्ये मेलिदा आनाया मोंतेस या नेत्या बाईंचा निकाराग्वातल्या मानाग्वात खून झाला, तोही त्यांच्याच संघटनेतल्या लोकांकडून. बर्लिनमध्ये दिलेला मार्क कुणाच्या हातात जातो हे देणाऱ्याला कळत नाही. पट्ट्या, प्रतिजैविकं, रक्त देण्याचं सामान यांचं तसं होत नाही. ती ज्याच्या अंगाला लागायची त्याच्याच लागतात.

म्हणून डॉ. द्वारकानाथ कोटणीस मला नमुना वाटतात. सोलापूरचा हा माणूस १९३८ च्या सप्टेंबरात पाच डॉक्टरांच्या पथकातून मुंबईहून चीनला निघाला, पुढे चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्गसेनेसोबत राहिला, भाषा शिकला, बेथ्यून रुग्णालयाचा प्रमुख झाला आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारला. सशस्त्र कम्युनिस्ट लढ्याला मराठी माणसाने दिलेला सर्वांत मोठा पाठिंबा हा असा, शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी उभं राहून दिलेला.

माल न चढवणं हेही मोठं काम आहे. १० मे १९२० ला लंडनच्या गोदीत 'जॉली जॉर्ज' जहाजावर सोव्हिएत रशियाविरुद्ध जाणारा दारूगोळा चढवायला कामगारांनी नकार दिला. १९४५ मध्ये ऑस्ट्रेलियात डच जहाजांवरून हिंदी खलाशी उतरले, कारण ती जहाजं इंडोनेशियाचं स्वातंत्र्य मोडायला निघाली होती. घरापासून इतक्या लांब, परक्या बंदरात पगार सोडून उतरणं म्हणजे काय, हे घरात कुणी बोटीवर असलेल्या माणसाला विचारावं. इथे परक्याने परक्याच्या क्रांतीला काही शिकवलं नाही. आपल्या हातातलं काम तेवढं थांबवलं.

१९९२ चा क्युबाचा गहूही याच हिशेबातला. सोव्हिएत संघ बुडाला होता, अमेरिकेची नाकेबंदी चालू होती, आणि माकपने गावोगाव फिरून दहा हजार टन गहू आणि साबण गोळा करून जहाज पाठवलं. क्युबाची लोकसंख्या एक कोटीवर. म्हणजे माणशी किलोभरही नाही. तरी ते कुणाकडून, कशासाठी आलं याबद्दल कुणालाही शंका नव्हती.

कायद्याचंही इथेच लिहून ठेवतो, कारण तरुण मुलं उत्साहात काहीही फॉरवर्ड करतात. भारताशी शांततेने असलेल्या परक्या राज्याविरुद्ध युद्ध करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १५३ खाली गुन्हा आहे. युएपीए म्हणजे बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्याच्या यादीतल्या दहशतवादी संघटनेसाठी पैसे गोळा करणं कलम ४० मध्ये येतं. यादी गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे, ती आधी बघावी.

१२ ऑक्टोबर

रात्री पाऊस झाला, कापलेलं भात भिजलं असणार.

एक गोष्ट राहिली, आणि तीच सर्वांत जड आहे. ३ एप्रिल १९८३ ला पेरूत लुकानामार्का भागात 'शायनिंग पाथ' या माओवादी संघटनेने ६९ खेडुतांना मारलं, त्यात लहान मुलं होती. २००३ च्या सत्यशोधन आयोगाने साऱ्या संघर्षात सुमारे ६९ हजार बळी गेल्याचा अंदाज दिला. नोंदलेल्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिकांची जबाबदारी याच संघटनेवर ठेवली. बाकीच्यांत सैन्याचा हात मोठा. मरणारे बहुतेक केचुआ बोलणारे गरीब शेतकरी, ज्यांच्या नावाने युद्ध चाललं होतं ते. तरीही युरोप-अमेरिकेत या संघटनेच्या नावाने पत्रकं निघत राहिली. लांबून पाठिंबा देणाऱ्याचं काही जळत नाही, काही सांडत नाही. त्याच्याकडून निदान खरं बोलण्याची अपेक्षा ठेवता येते, आणि तो तेवढंही करणार नसेल तर त्याच्या सलामाचा त्या खेडुतांना काय उपयोग?

नेपाळ आपल्या जवळचा, म्हणून तिथे खरं बोलणं अधिकच आपल्याकडे येतं. १३ फेब्रुवारी १९९६ ला माओवाद्यांचं युद्ध सुरू झालं, २१ नोव्हेंबर २००६ ला शांतता करार झाला. त्याच्या वर्षभर आधी दिल्लीत माओवादी आणि नेपाळच्या सात संसदीय पक्षांची बारा कलमी समजूत झाली होती. भारतातल्या संसदीय डाव्यांनी, विशेषतः सीताराम येचुरींनी, त्या वाटेसाठी खटपट केली. माझ्या मते भारतीय डाव्यांनी शेजारच्या सशस्त्र क्रांतीला केलेली सर्वांत उपयुक्त मदत हीच. माओवादी लढवय्यांसाठी सात मुख्य छावण्या आणि एकवीस उपछावण्या ठरल्या. हत्यारं कंटेनरमध्ये, कुलपाची किल्ली माओवाद्यांकडेच, पाळत संयुक्त राष्ट्रांची. कुणालाही शरण आल्यासारखं वाटू नये अशी ती मांडणी होती. १९,६०२ लढवय्ये पडताळणीत पात्र ठरले, ३,४७५ हत्यारं नोंदली गेली. शेवटी सैन्यात घेतले गेले ते सुमारे चौदाशे. बाकीचे बहुतेक पैसे घेऊन घरी गेले.

दोन्ही बाजूंनी बेपत्ता केलेली तेराशेहून अधिक माणसं मात्र त्या हिशेबात नव्हती. त्यांच्यासाठीचा आयोग २०१५ मध्ये नेमला गेला. रेड क्रॉसने बेपत्तांची नावं छापली आहेत, जिल्ह्यासकट. येत्या १३ फेब्रुवारीला इथे नेपाळवर बैठक ठेवायचं चाललंय. ती नावं वाचायला सगळा वेळ गेला तरी चालेल, असं उद्या कळवणार आहे.