अकरा संकल्पांपैकी एकच टिकला, त्याची गोष्ट

दर १ जानेवारीला मी डायरीच्या पहिल्या पानावर संकल्प लिहायचे. मागच्या वर्षी अकरा होते. पहाटे उठणं, साखर बंद, मोबाईल कमी, वाचन, योगा, आणि सगळ्यात खाली रोज एक चित्र काढणं. संक्रांतीचे तिळगूळ संपेपर्यंत अकराही संपले होते आणि खरं सांगते, बाकी दहांचं काही वाटलं नाही पण चित्राचं फार लागलं मनाला.

कारण शाळेत असताना मी चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, इंटरमिजिएटला बी ग्रेड होती, मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयात जायचं होतं. घरची परिस्थिती बघून कॉमर्स घेतलं, नोकरी लागली, लग्न, मुलगी, आणि मधे वीस वर्षं कशी गेली ते कळलंच नाही.

मग मी नीट बसून विचार केला की हे दरवेळी मोडतं कुठे? रात्री काढीन म्हटलं तर रात्री भांडी, ओटा, मुलीचा अभ्यास होईपर्यंत साडेदहा. ट्रेनमध्ये काढीन म्हटलं, तर भांडुपहून सकाळच्या स्लोला लेडीज डब्यात तिघींच्या बाकावर चौथी सीट मिळाली तरी नशीब, तिथे कोपर हलवायला जागा नसते तर वही कुठे उघडणार. म्हणजे माझ्यात जिद्द नाही असं मी इतकी वर्षं समजत होते पण मुळात मी ज्या वेळा ठरवत होते त्या वेळा माझ्या नव्हत्याच.

एकवीस दिवस केलं की सवय लागते असं सगळे सांगतात ना, ते मी पण धरून बसले होते. बाविसाव्या दिवशी पण जड जायला लागलं की वाटायचं आपलंच काहीतरी चुकतंय. मग वाचलं की लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर अभ्यास केला होता, २००९ मध्ये आला तो, त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस धरलेत, आणि माणसामाणसात १८ पासून पार २५४ पर्यंत फरक. आणि त्यात अजून एक होतं ज्याने मला फार धीर आला, की मधे एखादा दिवस चुकला तर त्याने सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. मी तर एक दिवस चुकला की वहीच कपाटात टाकायचे!

मग पाडव्याला गुढी उभारल्यावर एकच वाक्य लिहिलं. सीएसएमटी स्टेशनला उतरल्यावर, ऑफिसच्या आधी, दहा मिनिटं, एकच चित्र. उतरणं तर रोज होतंच, त्याला फक्त हे जोडायचं. आणि एक बदल, मोबाईल रात्री उशाशी नाही, किचनमध्ये चार्जिंगला. त्यामुळे झोप वेळेवर व्हायला लागली आणि एक आधीची ट्रेन मिळायला लागली, ती दहा मिनिटं मला तिथून मिळाली.

पहिल्या दिवशी महापालिकेच्या बाजूच्या फुटपाथवर उभी राहिले, हातात पोस्टकार्डाएवढी वही आणि कॅमलिनची ४बी पेन्सिल. समोर सीएसएमटीच्या गेटच्या खांबांवर एकीकडे सिंह आहे, दुसरीकडे वाघ, हे मी वीस वर्षांत कधी मान वर करून बघितलं नव्हतं. सिंह काढायला घेतला तर आयाळीत एक कबूतर येऊन बसलं, मग ते पण काढलं. चित्र बेढब झालं होतं. पण दिवसभर ऑफिसमध्ये फाईली बघताना डोक्यात तो दगडाचा पंजाच फिरत होता. स्टेशनची ही इमारत १८८८ मध्ये पूर्ण झाली आणि तिच्या नक्षीकामात जेजेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे, हे नंतर वाचलं तेव्हा कसं वाटलं ते सांगता येत नाही. ज्या कॉलेजला जाता आलं नाही तिथल्या मुलांचं काम मी रोज सकाळी बघून काढत होते.

कालनिर्णयवर झालं की टिक करायचे. एप्रिल-मे बरा गेला. जुलैमध्ये कागद ओलसर, पेन्सिल धरेना, त्यात एका आठवड्यात गाड्या बंद पडल्या आणि सलग चार दिवस कोरे गेले. जुनी मी असते तर तिथेच संपलं असतं. पाचव्या दिवशी पाऊस होताच म्हणून आत तिकीट हॉलमध्ये उभी राहिले, पासच्या रांगेत कायम खाली मोबाईल बघत उभी असायचे तोच हॉल, आणि वर बघितलं तर छतावर सोनेरी तारे. खांबांच्या डोक्यावर दगडी पानं. मग अख्खा पावसाळा तीच पानं काढली, एकेका पानाला दोन-दोन दिवस. वेळ लावून नाही, आपोआप पाय तिकडे वळायला लागले ते साधारण ऑगस्टमध्ये. टिक करायचं पण तेव्हापासून राहूनच गेलं.

बाकीचे दहा संकल्प मी परत लिहिले नाहीत. साखरेचं बघू पुढे.

सध्या तिसरी वही चालू आहे. स्टेशनच्या मुख्य घुमटावर जी दगडी बाई उभी आहे, एका हातात मशाल आणि दुसऱ्या हातात चाक, ती काढतेय. मशालीचा हात खांद्यातून नीट उचलला जात नाहीये, तीनदा खोडला. सोमवारी जरा लांबून, सबवेच्या तोंडापासून बघते.